आत इचारा

१

दर रविवारी दुपारी चारला आमच्या बैठकीत तीन निवृत्त पोलीस पाय पसरून बसतात.

पाय पसरून, हे मुद्दाम लिहिते आहे. बैठक दहा बाय बाराची. दिवाणावर रामजीमामा, म्हणजे माझे सासरे, सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालेले. समोरच्या खुर्चीत व्यंकटराव जमादार. आणि दाराजवळ भागवतकाका, ज्यांनी तीस वर्षं खात्याची जीप चालवली आणि जे अजूनही बोलताना डाव्या हातानं गिअर टाकतात. तिघांचे सहा पाय खोलीच्या मधोमध येतात आणि त्यांच्यातून मी उकळत्या चहाचा ट्रे घेऊन लंगडी खेळल्यासारखी जाते. माझी लेक ऐशू, आता तीन वर्षांची, तिच्या वेळी आठवा महिना होता तेव्हाही अशीच जात होते. कुणी कधी पाय आखडले नाहीत. "सूनबाई, जपून" एवढं मात्र न चुकता म्हणतात. जपायचं मीच.

गप्पांचा विषय एकच, दूरक्षेत्र. ठाण्यापासून लांब, डांबरी संपल्यावर पुढे जी दोन खोल्यांची चौकी असते तिला खात्यात दूरक्षेत्र म्हणतात. या तिघांनी तरुणपणाची सात-आठ वर्षं अशाच एका चौकीत काढली. हिंगोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आपण सगळे परभणीत होतो. चौकीच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, मध्ये एक नाला, एवढं पुरे.

"पावसाळ्यात जीप काळ्या मातीत बसली की बसली," भागवतकाका सांगायचे. "मंग पाटलाचे बैल आनायचे. बैल म्हनायचे, आधी फौजदारसाहेबाला खाली उतरवा."

"बैल म्हनले?" व्यंकटराव विचारायचे.

"तोंडानं न्हाई म्हनले. पन बघायचे तसं."

मला या गोष्टी आवडायच्या, खोटं कशाला सांगू. ऐशू आतल्या खोलीत दुपारची झोपलेली असायची आणि मी पडद्याशी उभी राहून ऐकायची.

मागच्या डिसेंबरातल्या एका रविवारी भागवतकाका त्याच जीपबद्दल बोलत होते. वाक्य अर्ध्यावर आलं आणि तिघांनी पाय आखडले. दचकून नाही. एसटीत कंडक्टर पुढे सरकताना आपण घेतो तसे, बोलणं न थांबवता, खाली न बघता. दोन-तीन सेकंद. मग पाय पुन्हा जिथल्या तिथे.

मी ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होते. घाबरले असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला संताप आला. म्हणजे यांना पाय आखडता येतात!

२

माझं एक आहे. गॅसचं बटण मी तीनदा बघते. ऐशू गाढ झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरते, आणि श्वास लागला की आपलाच वारा असेल म्हणून पुन्हा धरते. त्यामुळे मला काही दिसलं तर आधी मी स्वतःवरच संशय घेते. शिवाय आमच्या घरात उतारे, अंगारे, बाहेरची बाधा असलं काही चालत नाही. रविवारी सकाळी विहारात वंदना, दुपारी या तिघांचा चहा. मी बी.एस्सी. बी.एड. बाई. दिसलं ते आधी मोजायचं, मग बोलायचं.

मोजलं. चार रविवार. चार वाजून वीस मिनिटांच्या आसपास, दोनदा. मध्ये मिनिटभराचं अंतर. आणि एक गोष्ट पहिल्या दिवशी लक्षात आली नव्हती: पाय एकदम आखडले जात नव्हते. आधी दाराजवळचे भागवतकाकांचे. मग मामांचे. मग व्यंकटरावांचे, जे आतल्या खोलीच्या पडद्यापाशी बसतात. मिनिटानं पुन्हा, उलट्या क्रमानं.

बाहेरून कुणी आत यावं, पडद्यापर्यंत जावं, तिथे थांबावं आणि परत फिरावं, असा तो क्रम होता.

तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम बरोबर चार वीसला ट्रे घेऊन मध्ये शिरले. पाय होते तिथेच होते. व्यंकटरावांच्या पायाला अडखळले आणि अर्धा कप त्यांच्या धोतरावर गेला.

"सूनबाई, डोळे कुठं हायेत?"

मी खाली बसून फरशी पुसत होते. माझ्या डोक्याजवळून भागवतकाकांचे पाय मागे गेले. मग मामांचे. मग व्यंकटरावांचे, ओल्या धोतरासकट. मी तिथे जमिनीवर, हातात फडकं घेऊन बसलेली, आणि वाट दिली जात होती दुसऱ्याच कुणाला तरी.

माझा नवरा रविंद्र वाशिमला नोकरी करतो, शनिवारी येतो. त्याला सांगितलं.

"म्हातारी माणसं आहेत, पल्लवी. गुडघे धरतात."

"तिघांचे? एकामागे एक?"

"बंदोबस्ताची सवय," तो म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर हसून मोबाईल बघायला लागला.

३

बुधवारी मामा ओसरीत ऐशूला मांडीवर घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होते. एक दाणा डब्यात, एक ऐशूच्या तोंडात.

"मामा, रविवारी तुम्ही पाय काहून आखडता?"

"कोन? मी?"

"तिघंही."

"तुला काहीबाही दिसून राहिलं. झोप होत न्हाई तुझी."

झोप होत नाही हे खरं होतं. माझ्याशी वाद घालायचा हा सगळ्यांत सोपा मार्ग आहे.

बऱ्याच वेळानं, शेंगा संपत आल्यावर, ते आपणहून म्हणाले, "चौकीत आखडावं लागायचं. अरुंद होती. ती बाई यायची ना."

"कोणती बाई?"

"हाय एक." त्यांनी ऐशूच्या ओठावरचं साल काढलं. "भागवत चांगली सांगतो."

चांगली सांगतो. म्हणजे ती आता गोष्ट झाली होती, आणि ती कुणी सांगावी हेही ठरलेलं होतं.

४

"उसतोडीच्या टोळीतली असल," भागवतकाकांनी सुरुवात केली. मीच आग्रह केला होता, त्यामुळे ते खुशीत होते. "ट्रक नाल्याच्या पुलावर थांबला. ही पानी आनायला उतरली. लेकरू कठड्यावर बसवलं, तीन वर्साचं. पानी घेऊन वर येते तं लेकरू न्हाई."

"आता तो पूल बराबर हद्दीवर," व्यंकटराव पुढे सरकले. "अलीकडं आपून, पलीकडं दुसरा जिल्हा. मी इचारलं, बाई, लेकरू अलीकडं हरवलं का पलीकडं? तं म्हनती, पुलावर. म्हनलं, पुलावर म्हंजी कुनाच्याच हद्दीत न्हाई!"

तिघं हसले. मामाही हसले. माझ्या लेकीला दाणे भरवणारे मामा.

"मंग तिला पलीकडच्या चौकीत धाडली," भागवतकाका म्हणाले. "त्यायनं परत इकडं धाडली. सकाळी त्यायच्यापाशी, दुपारी आमच्यापाशी. सा किलोमीटर जायचं, सा यायचं, पायात काई न्हाई. आन तिकडचा जमादार लई बेरकी. तो सांगायचा, तिकडं एक लेकरू सापडलंय म्हनतात, जा. मंग आमीबी तेच सांगाया लागलो. अशी पळत जायची!"

"भागवत, ते आतलं सांग," व्यंकटराव म्हणाले.

"हां. आता रोज रोज काय सांगायचं? रोज येऊन उभी. मंग मी आपलं..." त्यांनी मांडीवर नसलेल्या रजिस्टरातून मान वर न काढता उजवा अंगठा खांद्यावरून मागे दाखवला. "आत इचारा. आत काय, एक खाट आन एक रांजन! जायची बिचारी आत. जरा येळ उभी राहायची. मंग मागल्या दारानं निघून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाजर."

व्यंकटरावांना हसून ठसका लागला. मी पाणी दिलं. असल्या वेळीही माझा हात आधी तांब्याकडे जातो याचा मला नंतर फार राग आला.

"नाव काय होतं तिचं?" मी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आता इतक्या वर्सांनी..." व्यंकटराव म्हणाले.

"लेकराचं?"

"पोरगं होतं का पोरगी, रामजी?"

"पोरगी असल," मामा म्हणाले.

"आणि चौकीतल्या कुत्र्याचं नाव काय होतं?"

"डीएसपी!" तिघं एकदम म्हणाले, आणि पुन्हा हसू फुटलं.

मी ट्रे खाली ठेवला. सासऱ्यांसमोर मी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढला. "कुत्र्याचं नाव आठवतं तुम्हाला. बैलांच्या मनात काय होतं ते आठवतं. आणि तिचं नाव तुम्ही एकदाही विचारलं नाही? एक ओळ लिहून घ्यायला काय झालं होतं?"

"सूनबाई, लिहून घेतलं की तपास आला," व्यंकटराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "तपास आला की साहेब आला. जीप एक, मानसं तीन, गावं बेचाळीस. तुमाला आमची तकलीफ न्हाई कळायची."

"माझी ऐशू असती तर?"

"तुमची गोष्ट येगळी. तुमी रामजीच्या घरच्या."

हे वाक्य मी पुढचे चार दिवस चघळत होते. ते त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं होतं, हे सगळ्यात वाईट.

"मग ती यायची बंद कधी झाली?"

मामांनी कप बशीत नीट ठेवला, कान उजवीकडे, मग डावीकडे.

"बंद..." भागवतकाका म्हणाले. त्यांचा डावा हात मांडीवर गिअर शोधत होता. "आमची बदली झाली ना, जूनमधी."

५

रविंद्र म्हणाला, "आता काय करणार तू? तीस वर्षांपूर्वीची तक्रार नोंदवणार?"

"हो," मी म्हणाले.

मनात मी ती कितीदा तरी नोंदवली. भांडी घासताना, ऐशूची वेणी घालताना. बसा. पाणी घ्या. नाव सांगा. लेकराचं नाव सांगा. अंगावर काय कपडे होते. इतकं सोपं होतं ते. तीन धडधाकट माणसांना पगार घेऊन जमलं नाही ते मला ओट्याशी उभ्या उभ्या जमत होतं, याचा मला थोडा गर्वही वाटायला लागला होता.

भांडणानंतरच्या रविवारी मी टीव्ही बंद करायला लावला. पंखाही बंद केला. "थंडी आहे," म्हटलं. मग पडद्याच्या आतल्या बाजूला उभी राहिले.

आमचं घर एकामागे एक आहे. बैठक, आतली खोली, स्वयंपाकघर, शेवटी मागचं दार. माझ्या मागे पलंगावर ऐशू झोपलेली. पुढे पडदा. पडद्यापलीकडे तिघांच्या गप्पा.

चार वीस. खुर्ची कुरकुरली, म्हणजे भागवतकाकांचे पाय. दिवाण कुरकुरला. आणि त्यांच्या मधून, फरशीवरून, एक आवाज. चपलेचा नाही. भेगा पडलेल्या टाचा गुळगुळीत फरशीवर घासल्या की येतो तो. माझ्या आईच्या पायांचा मी लहानपणी ऐकलेला. खरखर, थांबून, पुन्हा खरखर.

पडद्यापाशी येऊन तो थांबला.

पडदा हलला नाही. वास नाही, गारवा नाही, गोष्टींत असतं तसं काहीच नाही. फक्त पलीकडे कुणीतरी उभं आहे, हे कळत होतं. कचेरीत टेबलासमोर उभं राहून साहेबानं मान वर करायची वाट बघतात, तसं. रांग मोडायची नाही, बोलायचं नाही, फक्त उभं राहायचं.

माझ्या आणि तिच्यामध्ये एक पडदा होता, सहाशे रुपयांचा, निळ्या फुलांचा. तो मी बाजूला करायला हवा होता. हातात उलथनं होतं. ते मी कधी उचललं, माहीत नाही.

टाचा परत फिरल्या.

मी स्वतःला सांगितलं, तयारी नव्हती, पुढच्या रविवारी नक्की. आणि सगळा आठवडा त्या तिघांवर आणखी चिडून राहिले. त्यात बरं वाटत होतं.

६

पुढच्या रविवारी मी पडदा आधीच खिळ्याला अडकवून ठेवला. ट्रे घेऊन आतल्या दारात उभी राहिले. ठरवलं होतं: इथेच गाठायचं, आणि बसा म्हणायचं.

भागवतकाका मागच्या प्रकरणामुळे माझ्याकडे बघत नव्हते. ते सिद्धेश्वर धरणावरच्या कुठल्याशा बंदोबस्ताचं सांगत होते, धरणात पडलेल्या एका साहेबाच्या टोपीचं. तीन मच्छीमारांनी ती जाळ्यात धरली होती म्हणे, आणि आतून मासा निघाला.

"टोपी साहेबाला दिली, मासा आमी ठेवला," ते म्हणाले आणि व्यंकटरावांना टाळी देण्यासाठी वाकले.

त्यांचे पाय मागे गेले.

खरखर.

मामांचे पाय मागे गेले. टाचा खोलीच्या मध्यावर आल्या आणि या वेळी तिथेच थांबल्या. दोन रविवारांपूर्वी मी भांडले होते, तिचा विषय निघाला होता. त्यामुळे असेल, की आणखी कशामुळे, मला सांगता येणार नाही. पण ती थांबली, आणि वाट बघायला लागली.

"मासा किती मोठा?" व्यंकटराव विचारत होते.

"दीड किलोचा तं..." भागवतकाका म्हणाले. आणि बोलता बोलता, मान न वळवता, त्यांचा उजवा अंगठा खांद्यावरून मागे, माझ्या दिशेला गेला. "आत इचारा. दीड किलोचा तं सहज असल."

कुणाच्याच ते ध्यानात आलं नाही. त्यांच्याही नाही. तीस वर्षं गिअर टाकणारा हात जसा टाकत राहतो, तसा तो अंगठा गेला होता.

व्यंकटरावांचे पाय मागे गेले. खरखर माझ्याकडे आली. आणि मी, ट्रे छातीशी धरून, भिंतीला टेकून, बाजूला सरले. मी वाट दिली. मला कुणी सांगितलं नव्हतं.

तीन पावलांवर पलंग. मी वळले तेव्हा ट्रे हातात नव्हता. तो कुठे ठेवला ते आजही आठवत नाही.

खिडकीला ऊन लागतं म्हणून चादर लावलेली, खोलीत पिवळट अंधार. ऐशू कुशीवर, भिंतीकडे पाठ. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये दीड फुटाची फट आहे, तिथे आम्ही गाद्या ठेवतो. त्या फटीत, गाद्यांच्या अलीकडे, एका लुगड्याचा काठ होता. वाळलेल्या काळ्या मातीनं वीतभर कडक झालेला. आणि त्याखाली एक टाच. एकच. त्याच्या वर मी बघितलं नाही. बघू शकले असते.

ऐशूच्या तोंडावरच्या पांघरुणाचं टोक उचललं जात होतं. हळू, झोपमोड होऊ नये इतकं जपून. दवाखान्यात ओळीनं ठेवलेल्या लेकरांतून आपलं कोणतं हे बघताना उचलतात तसं.

ऐशू झोपेतच त्या बाजूला वळली.

"आई," ती म्हणाली. तिकडे तोंड करून.

टोक तसंच वर राहिलं.

सगळं माझ्या तोंडात तयार होतं. बसा. नाव सांगा. पण बसा म्हटलं तर ती बसली असती, तिथेच, उशाशी. आणि मग मी काय विचारणार होते? किती वर्षांचं होतं? तीन. पोरगं की पोरगी? दिसायला कशी होती, सांगा. आणि तिनं ऐशूकडे बोट दाखवून 'अशी' म्हटलं असतं तर मी कुठे लिहिणार होते ते?

"इथं नाही," मी म्हणाले.

आवाज माझाच होता, शांत, थोडा कंटाळलेला. शाळेच्या ऑफिसात सर्टिफिकेटसाठी गेले की ऐकू येतो तसला.

"पुढं बघा. पलीकडं एक लेकरू आहे म्हणतात."

माझा हात मागच्या दाराकडे होता. मागच्या दारातून आमचं एवढंसं अंगण, मग कमरेएवढी भिंत, मग केशरबाईंचं घर. त्यांची लेक मंजुषा बाळंतपणाला आलेली आहे. दीड महिन्याचं बाळ. तारेवर वाळत घातलेली त्याची लंगोटं आमच्या ओट्यावरून दिसतात.

पांघरुणाचं टोक खाली आलं. ते ऐशूच्या गळ्याशी नीट खोचलंही गेलं. मग टाचा स्वयंपाकघरातून गेल्या, आणि त्या घाईत होत्या.

मी ऐशूला उचलून मांडीवर घेतलं. ती गरम होती, जड होती, घामेजलेली होती, माझी होती. नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. पुन्हा धरलं.

"सूनबाई," बैठकीतून व्यंकटराव म्हणाले, "चहाचं काय झालं?"

भिंतीपलीकडे बाळ रडत होतं. भुकेचं, एका लयीत. मग एकदम थांबलं.

"आई," मंजुषाचा आवाज आला, मोरीतून असावा, पाण्याच्या आवाजात मिसळलेला. "घेतलंस का गं त्याला?"

थोड्या वेळानं केशरबाईंचा आवाज, वरून. "मी गच्चीवर हाय. पापड काढून राहिले. तुझ्यापाशीच हाय ना ते?"

हाक मारायला मला एक सेकंद लागला असता. मी ऐशूला खांद्यावर घेऊन उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि मागच्या दाराला आतून कडी घातली.